थोर गायकांची मुलाखत : प्रश्नकर्त्यापुढील अडचणी

संगीत समारोहाच्या रात्री रंगमंचामागे एक दृश्य हमखास दिसते. गायक तंबोऱ्याच्या जवारीकडे कान लावून बसलेला असतो, तबलजी तबला स्वरात मिळवीत असतो, कार्यकर्ते पुन्हापुन्हा घड्याळाकडे पाहत असतात आणि दाराशी वही किंवा ध्वनिमुद्रक घेऊन एखादा वार्ताहर उभा असतो. त्याला पाचच मिनिटे हवी असतात. ती बहुधा मिळतातही. मग ‘आपला आवडता राग कोणता?’, ‘आपले प्रेरणास्थान कोण?’, ‘तरुण पिढीला आपण काय संदेश द्याल?’ हे तीन प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरे गायकाला पाठ झालेली असतात. दुसऱ्या दिवशी ती छापून येतात आणि त्या गायकाविषयी वाचकाला आदल्या दिवशी होती त्याहून तिळभरही अधिक माहिती मिळत नाही. ग्वाल्हेरचा तानसेन समारोह असो, कुंदगोळची सवाई गंधर्वांची पुण्यतिथी असो की पणजीचा केसरबाई केरकर समारोह असो, या अनुभवात फारसा फरक पडत नाही.

याचा सगळा दोष वार्ताहराच्या माथी मारणे योग्य होणार नाही. हिंदुस्थानी संगीताची विद्या ज्या रीतीने एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आली, त्या रीतीतच प्रश्नाला फार थोडी जागा होती. तालमीला बसलेल्या शागिर्दाने ऐकावयाचे आणि म्हणावयाचे असे. एकच तान, एकच मुखडा शेकडो वेळा घोटून घेतला जाई. हा स्वर येथे का लागतो, असे विचारणे म्हणजे गुरूच्या अधिकाराविषयी शंका घेणे, अशी समजूत सर्वत्र होती. ज्याच्या आयुष्याची वीसपंचवीस वर्षे अशा शिस्तीत गेली, त्याच्यासमोर एक अपरिचित मनुष्य येऊन बसतो आणि पहिल्या वाक्यातच ‘का’ व ‘कसे’ विचारू लागतो. त्यावर तो कलावंत गप्प बसला, तर त्यात नवल ते काय?

परंतु हे गप्प बसणे दोन प्रकारचे असते आणि या विषयातील खरी अडचण ती हीच होय. एक मौन नकाराचे असते. कलावंताला एखादी गोष्ट सांगावयाचीच नसते आणि तसा त्याचा अधिकार असतो. दुसरे मौन प्रश्नच चुकीच्या जागी पडल्यामुळे येते. प्रश्न बदलला, वेळ बदलली किंवा विचारणारा थोडा थांबला, तर तेच मौन सुटते. या दोहोंतील भेद न ओळखता पहिल्या ठिकाणी हट्ट धरणारे आणि दुसऱ्या ठिकाणी निराश होऊन उठून जाणारे मुलाखतकार पुष्कळ आढळतात.

पंडित भातखंडे यांची प्रश्नावली

गायकवादकांना पद्धतशीरपणे प्रश्न विचारण्याचा आधुनिक काळातील पहिला मोठा उद्योग पत्रकाराने नव्हे, तर एका वकिलाने केला. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे प्रश्नांची लांब यादी बरोबर घेऊन देशभर हिंडले. १९०४ साली ते दक्षिणेच्या प्रवासास गेले आणि तेथील विद्वानांशी झालेल्या चर्चा त्यांनी दैनंदिनीत नोंदवून ठेवल्या. जयपूरच्या महंमद अली खाँ यांच्या घराण्यातील चिजा त्यांनी फोनोग्राफच्या साहाय्याने मिळविल्या. १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास जी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिच्यामागेही प्रेरणा त्यांचीच होती. त्यांचा ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा मराठी ग्रंथ १९१० ते १९३२ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाला. तो गुरुशिष्यांच्या संवादरूपात लिहिलेला आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तालमीत जे प्रश्न शिष्याला विचारता येत नसत, ते भातखंड्यांनी कागदावरच्या शिष्याच्या तोंडी घातले.

त्यांच्या श्रमांमुळे हजारो चिजा वाचल्या, हे निर्विवाद आहे. तरीपण त्यांच्या पद्धतीची दुसरी बाजूही विद्यार्थ्याने पाहिली पाहिजे. भातखंड्यांचा प्रश्न बहुधा ग्रंथातून निघे. रागाचे शास्त्र कोणते, आधार कोणता, लक्षण कोणते, असे ते विचारीत. उस्तादाचे ज्ञान मात्र त्याच्या गळ्यात साठलेले असे. ज्याला ग्रंथाधार सांगता येत नसे त्याला शास्त्र येत नाही, असा निष्कर्ष भातखंड्यांच्या लेखनात वारंवार डोकावतो. विशेषतः मुसलमान उस्तादांविषयी त्यांनी काढलेल्या उद्गारांवर पुढील अभ्यासकांनी कठोर टीका केली आहे. गाऊन दाखविणे हेही उत्तरच असते. पण वकिली उलटतपासणीत ते उत्तर म्हणून नोंदले जात नाही. आजच्या वार्ताहराच्या हातून हीच चूक निराळ्या वेषात घडते. त्याला छापता येईल असे वाक्य हवे असते. कलावंत दोन क्षण विचार करतो आणि एक स्वरावली गुणगुणतो. वार्ताहर सभ्यपणे मान डोलावतो व पुढचा प्रश्न विचारतो. उत्तर मिळाले होते, हे त्याच्या गावीही नसते.

एका गुरूच्या दोन शिष्या

गोमंतकाच्या दृष्टीने या विषयातील सर्वांत बोधप्रद उदाहरण केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या दोघींचे आहे. केसरबाईंचा जन्म १८९२ साली केरी येथे झाला व मोगूबाईंचा १९०४ साली कुर्डी येथे. दोघींनीही जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ यांची तालीम घेतली आणि दोघींनाही पुढे पद्मभूषण किताब मिळाला. केसरबाईंना लहानपणापासून अनेक गुरूंकडे तुटक तुटक शिकावे लागले होते. १९२१ पासून खाँसाहेबांची अखंड तालीम त्यांना मिळाली ती मोठी दक्षिणा देऊन आणि कडक अटी पाळून. मोगूबाईंची आई त्या दहा वर्षांच्या असतानाच निवर्तली. नाटक मंडळ्यांतून भूमिका करीत त्या सांगलीस पोहोचल्या असता खाँसाहेबांनी त्यांचे गाणे ऐकले व त्यांना शिकविण्यास प्रारंभ केला. ही तालीम मध्यंतरी खंडित झाली आणि १९३४ च्या सुमारास त्या खाँसाहेबांच्या गंडाबंध शागीर्द झाल्या.

असे इतिवृत्त हाती आले की वार्ताहराचे लक्ष ताबडतोब एका गोष्टीकडे वळते : या दोघींमध्ये स्पर्धा होती काय? वैर होते काय? हा प्रश्न मोगूबाईंपासून त्यांच्या कन्या किशोरीताई आमोणकरांपर्यंत सर्वांच्या वाट्यास आला आणि त्याने काहीही पदरात पडले नाही. एकाच गुरूची विद्या दोन गळ्यांत जाऊन दोन निराळ्या गायकी कशा झाल्या, हा खरा विचारण्यासारखा प्रश्न होता. केसरबाईंचा भरदार, खुला आकार आणि मोगूबाईंची लयीच्या प्रत्येक मात्रेवरील सूक्ष्म पकड ही एकाच झाडाची दोन फळे आहेत. वामनराव देशपांडे हे व्यवसायाने हिशेबतपासनीस होते. परंतु त्यांनी स्वतः मोगूबाईंकडे तालीम घेतलेली असल्यामुळे ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथात घराण्यांविषयी हाच प्रश्न त्यांना विचारता आला. भांडणाची बातमी दोन दिवसांत शिळी झाली असती. तो ग्रंथ अजून वाचला जातो.

केसरबाईंच्या बाबतीत नकाराचे मौन फार मोठे होते. ध्वनिमुद्रण व आकाशवाणी यांपासून त्या दूर राहिल्या. शिष्या म्हणून त्यांनी मनापासून जिला विद्या दिली, अशी एकच धोंडुताई कुलकर्णी. अनेक लेखकांनी यास तऱ्हेवाईकपणा म्हटले आहे. परंतु जी विद्या मिळविण्यासाठी एवढी किंमत मोजावी लागली, ती स्वस्तात वाटण्यास एखादी स्त्री राजी होत नसेल, तर तो तिचा विचार होता. तिला त्याविषयी टोचून विचारण्यापेक्षा त्या किमतीविषयी विचारणे अधिक सार्थ झाले असते. १९७७ साली अमेरिकेने अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर जगातील संगीताचे नमुने असलेली तबकडी ठेवण्यात आली. तीत भारताचे म्हणून एकच गाणे आहे आणि ते केसरबाईंच्या भैरवीचे होय. ‘व्हॉयेजर १’ हे यान ५ सप्टेंबर रोजी निघाले आणि १६ सप्टेंबर रोजी केसरबाई मुंबईस निधन पावल्या. तेव्हा या घटनेविषयी केसरबाईंचे मनोगत म्हणून काही छापलेले दृष्टीस पडले, तर त्याचा उगम कोठे आहे हे शिक्षकांनी अवश्य तपासून पाहावे.

नाव, उपाधी आणि जात

मुलाखतीचा प्रारंभ संबोधनापासून होतो आणि पुष्कळदा घोटाळाही तेथेच होतो. बुवा, खाँसाहेब, पंडितजी, माई, ताई यांपैकी काय म्हणावे, हे घरातील मंडळी व शिष्य काय म्हणतात ते ऐकून ठरवावे लागते. ‘गंधर्व’ हे आडनाव समजून सवाई गंधर्व, बाल गंधर्व व कुमार गंधर्व यांचे नाते जोडणारे लोक अद्याप भेटतात. वास्तविक हे अनुक्रमे रामभाऊ कुंदगोळकर, नारायणराव राजहंस आणि शिवपुत्र कोमकली; गंधर्व ही केवळ पदवी. हुबळीच्या गंगूबाई हनगल (१९१३–२००९) या तर संबोधनाविषयी स्वतःच मार्मिकपणे बोलत. पुरुष गायक नावारूपास आला की उस्ताद किंवा पंडित होतो आणि स्त्री कितीही मोठी झाली तरी बाईच राहते, या आशयाचे त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे.

गंगूबाईंच्या आयुष्यातील एक प्रसंग सीमाभागातील वाचकांना परिचित असेल. १९२४ साली महात्माजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावास काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा अकरा वर्षांच्या गंगूने तेथे स्वागतगीत म्हटले. ‘गांधीजींपुढे गाताना काय वाटले?’ हा प्रश्न कोणीही विचारील आणि त्याला धन्यतेचे उत्तर येईल. ते उत्तर खोटे नव्हे. पण गंगूबाईंनी पुढे सांगितलेली आठवण अशी की, आपल्या जातीमुळे आपल्याला तेथे जेवणाची उष्टी काढावयास सांगतील की काय, ही भीती त्या मुलीच्या मनात होती. अभिमान आणि भीती दोन्ही एकाच दिवसाच्या होत्या. पहिली गोष्ट पाच मिनिटांत मिळते. दुसरी मिळण्यासाठी समोरच्या मनुष्यावर विश्वास बसावा लागतो आणि ती आपण होऊन सांगितली जावी लागते. ओढून काढली तर तीच आठवण अपमान होते.

गोव्यातील व कर्नाटकातील अनेक थोर गायिका देवळाच्या सेवेशी बांधलेल्या कलावंत समाजातून आल्या. त्यांच्या घरी वडिलांच्या नावाविषयी केलेली विचारपूस, कितीही निष्पाप हेतूने केलेली असली, तरी तिची जखम त्यांनाच ठाऊक असते. आईविषयी विचारले तर मात्र याच घरांतून फार मोठा इतिहास हाती लागतो, कारण गाणे आईकडूनच आलेले असते. प्रथम आईचे गाणे कोणते ऐकलेत, असे विचारणारा मुलाखतकार तेथे परका राहत नाही.

आजाराची गोष्ट

कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळ सुळेभावी येथे झाला. क्षयाने ग्रासल्यावर ते माळव्यात देवासला जाऊन राहिले. सुमारे पाच वर्षे त्यांचे गाणे बंद होते आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसू लागले. या गोष्टीत नाट्य असल्यामुळे त्यांच्याविषयीचा प्रत्येक लेख याच मुक्कामावर येऊन थांबतो. ‘एका फुप्फुसावर कसे गाता?’ असा प्रश्न त्यांच्यासारख्या मनुष्याला किती वेळा ऐकावा लागला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. त्याच आजारात खाटेवर पडल्या पडल्या माळव्यातील स्त्रियांची गाणी त्यांच्या कानांवर येत राहिली आणि त्या धुनांतून राग कसा उगवतो, याचा त्यांनी शोध घेतला. मालवती, लगनगंधार, अहिमोहिनी हे त्यांचे धुनउगम राग त्या शोधातून निघाले व ते ‘अनूपरागविलास’ (१९६५) या ग्रंथात ग्रथित झाले. ‘लगनगंधारात दोन गंधार कोठल्या धुनेने आणले?’ असे ज्याला विचारता येते, त्याला आजाराविषयी वेगळे विचारावे लागत नाही; आजार त्या उत्तरातच येतो.

यावरून मुलाखतकाराने स्वतः गवई असले पाहिजे, असा अर्थ काढू नये. त्याने निदान तीनचार ध्वनिमुद्रिका लक्षपूर्वक ऐकलेल्या असाव्यात आणि न कळलेली जागा कोणती, हे त्याला सांगता यावे, एवढेच पुरे आहे. ‘अमक्या मुद्रणात आपण समेवर येण्यापूर्वी थांबता, ते का?’ हा प्रश्न खेड्यातील शिक्षकही विचारू शकतो आणि त्याला बहुधा उत्तर मिळते.

टिपण आणि छपाई

येथवरच्या अडचणी भेटीतल्या झाल्या. कार्यालयात परतल्यावर निराळ्याच सुरू होतात. धारवाडच्या गायकाचे घर कानडीत बोलते, तालीम हिंदी-उर्दूत झालेली असते आणि मुलाखत मराठीत छापावयाची असते. गोव्यात कोकणीची भर पडते. ‘लाग’, ‘डाट’, ‘बढत’, ‘फिरत’, ‘कणस्वर’ हे शब्द घाईने लिहिणाऱ्याच्या हातून काहीचे काही होतात. रागांची नावेही तशीच : नायकी कानडा व रायसा कानडा हे एकच समजले जातात, बिहागडा हा मुद्रणदोष समजून त्याचा बिहाग करणारा मुद्रितशोधकही आढळतो. जन्मतारखांत एकदोन वर्षांचा फरक तर नित्याचाच, कारण जुन्या पिढीच्या जन्माची नोंद अनेकदा घरच्यांच्या आठवणीतच असे. अशा वेळी दोन्ही साले देणे हाच प्रामाणिक मार्ग.

ध्वनिमुद्रकाने एक सोय केली व एक पेच निर्माण केला. शब्द अचूक मिळू लागले. परंतु यंत्र सुरू होताच कलावंत सभेत बोलल्यासारखे बोलू लागतो आणि ते बंद झाल्यावर चहा पिताना खरे बोलतो. ते खरे बोलणे परवानगीवाचून छापणे हा विश्वासघात होय. भ्रमणध्वनीच्या काळात हा मोह फार वाढला आहे. गाऊन दाखविलेली एखादी चीज त्या घराण्याने आजवर बाहेर दिलेली नसेल, तर ती प्रसृत करण्यापूर्वी विचारणे आवश्यक आहे. तयार मजकूर छापण्यापूर्वी वाचून दाखवावा काय, याविषयी पत्रकारांत मतभेद आहेत. मते बदलून घेण्याची मुभा देऊ नये हे खरे. पण रागनामे, गुरुनामे व तारखा दाखवून घेण्यात कमीपणा नाही.

ज्यांना वेळ होता ते

या क्षेत्रात टिकाऊ काम कोणाच्या हातून झाले, हे पाहिले तर ती बहुतेक माणसे कलावंताच्या सहवासात वर्षानुवर्षे राहिलेली दिसतात. गोविंदराव टेंबे यांनी अल्लादिया खाँसाहेबांचे चरित्र लिहिले ते निकटच्या परिचयातून. प्राध्यापक बा. र. देवधर हे स्वतः पंडित पलुसकरांचे शिष्य. मुंबईत त्यांची संगीतशाळा होती व कुमार गंधर्व लहानपणी तेथेच शिकले. नाना घराण्यांचे उस्ताद देवधरांकडे येत, बसत, गात, भांडत. त्या बैठकींतून ‘थोर संगीतकार’ हे पुस्तक उभे राहिले. खुद्द अल्लादिया खाँसाहेबांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत आपली हकीकत नातू अझीझुद्दीन खाँ यांना उर्दूत सांगितली. अतिगाण्याने आवाज गेला ती गोष्ट, दरबार, प्रवास, घराण्याची वंशावळ हे सर्व त्यात आहे. खाँसाहेब १९४६ साली निवर्तले; ती हकीकत इंग्रजी अनुवादरूपाने पुस्तकात आली ती २००० साली. नातवाने ती लिहून घेतली नसती, तर आज केवळ आख्यायिका उरल्या असत्या.

नकार शेवटपर्यंत टिकला, असेही एक उदाहरण आहे. अन्नपूर्णादेवींनी १९५० नंतरच्या दशकात जाहीर वादन सोडले आणि २०१८ साली निधन होईपर्यंत मुंबईतील घरी केवळ शिष्यांना शिकविले. पत्रकारांना त्या भेटत नसत. ती पोकळी वृत्तपत्रांनी त्यांच्या विवाहाविषयीच्या कथांनी भरून काढली. निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया, नित्यानंद हळदीपूर असे त्यांचे शिष्य होते. सूरबहार वाजविणाऱ्या या गुरू सतारीला, सरोदाला व बासरीला सारख्याच कशा शिकवीत, गाऊन कसे सांगत, ही माहिती त्या शिष्यांकडून मिळू शकत होती आणि ती मागितल्याने कोणाच्याही मौनाचा भंग होत नव्हता. ती मागणारे फार थोडे निघाले.

मोगूबाईंचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. तेथील कुटुंबे १९८० नंतरच्या दशकात वाडे व वालकिणी येथील नव्या वसाहतींत राहावयास गेली. मे महिन्यात पाणी ओसरते, घरांचे चौथरे उघडे पडतात आणि जुने ग्रामस्थ सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. त्या दिवशी छायाचित्रकार पुष्कळ येतात. गावात असताना ज्यांचे वय पंधरावीस होते, ती माणसे आज साठीच्या आसपास आहेत. देवळात कोणत्या तिथीला कोण गात असे, साथीला कोणती वाद्ये असत, मोगूबाईंच्या आईचे नाव घरातील वडीलधाऱ्यांकडून कोणी ऐकले होते काय, हे त्यांना विचारता येण्याजोगे आहे. वसाहतींच्या जवळपासच्या शाळांतील शिक्षकांना त्यासाठी एक वही आणि काही रविवार एवढेच लागतील.